साखळीचा झोळ

जुन्या मोंढ्यात, बियाण्याच्या गोदामाच्या माडीवर
नुसरत इनामदारचं प्रदर्शन.
खाली पोत्यांना औषधाचा वास,
जिन्यावर सांडलेली गुलाबी सरकी,
वर पांढऱ्या भिंती, आणि भिंतींवर
कशाचंच नसलेलं काहीतरी.

पेपरात फोटो आला होता म्हणून गेलो.
रिटायर माणसाला दुपारी चार वाजता
कुठंतरी जावं लागतं.

कॉलेजची पोरं तपकिरी चित्रापुढं सेल्फी काढत होती.
बंबशेठ म्हणाले, "रंग भारी वापरलाय, पण हे हाय काय?"
हमालांचा मुकादम कडूबा
काळ्या चित्रापुढं उकिडवा बसला, बराच वेळ,
अन् म्हणाला, "भेगा हायेत. लई खोल."
बाकी सगळ्यांचं एकच:
काही कळलं नाही बुवा.

मलाही कळणार नव्हतंच.
मी भूमी अभिलेखमधला. माझं वाचन म्हणजे
टिपण, फाळणी, खासरा पत्रक.
पण मधल्या खोलीत पाय थबकले.

छताला दोन हूक.
मध्ये लोंबती लोखंडी साखळी,
तेहेतीस फूट, सोळा आणे,
आण्याआण्याला पितळी बिल्ला.
सातव्या आण्यापाशी तांब्याची तार.
ती तार मी गुंडाळली होती,
भोकरदनच्या स्टँडवर, दातानं पिळून.

भंगारात मिळाली, ती कुणाला तरी सांगत होती,
भट्टीत जायच्या दोन दिवस आधी,
किलोच्या भावानं.

साखळी ताठ नव्हती. मध्ये झोळ.
हात आपोआप वर गेला, ओढायला.
पाटी होती: कृपया हात लावू नये.

एप्रिल. ऊन असं की झेंडीवाला पोऱ्या पळून गेलेला.
इनामदारांची वाटणी. दोन भाऊ,
त्यातला धाकटा वारलेला,
त्याची बायको धुऱ्यावर, डोक्यावर पदर घेऊन उभी.
दुसरं टोक धरायला तिचीच पोरगी घेतली.
नऊ वर्षांची असेल. फ्रॉकला एक बटण नव्हतं.
विहिरीपाशी आलो तेव्हा म्हणाली,
"चाचा, ढिली हाय."
मी म्हणालो, "गप धर."

लाच नव्हती. असती तर
निदान काही कारण असतं.
ऊन होतं. थोरल्याच्या घरचं ताक होतं, गार,
आणि शेवटची बस पाचची.
पुन्हा कोण मोजणार.
खुंटी ठोकली. विहीर पलीकडं गेली.

साखळीमागच्या भिंतीवर एकच मोठं चित्र.
सगळा गेरू, मग राखाडी,
खाली डावीकडं बोराएवढा निळा ठिपका
आणि त्याच्या अलीकडूनच वळलेली रेघ,
जी सरळ जायला हवी होती.
शीर्षक नाही. कॅनव्हासवर ॲक्रिलिक आणि माती.
माती.
मी मनातल्या मनात प्रमाण लावून पाहिलं.
रेघ दोन आण्यांनी चुकली होती.
मी चुकलो होतो तितकीच.

ती जवळ आली. कानशिलावर केस पिकलेत तिचे.
ओळखलं की नाही, कळायला मार्ग नाही.
"कसं वाटलं, चाचा?"
चाचा ती सगळ्याच म्हाताऱ्यांना म्हणत असेल.

मी म्हणालो, काही कळलं नाही.

दिवसभर तिनं हेच ऐकलं असणार, खरं खरं,
माझ्या आधी आलेल्या सगळ्यांकडून.
"हरकत नाही," ती म्हणाली. "चहा घेऊन जा."

चहा नाही घेतला.
दाराशी अभिप्रायाची वही. अप्रतिम. छान.
पुढील वाटचालीस शुभेच्छा.
मी तारीख टाकली. तिच्याखाली, सवयीनं: समक्ष हजर.
सही केली. मग थांबून
पूर्ण नाव लिहिलं, सुटं सुटं, वाचता येईल असं,
आणि तेव्हाचा हुद्दा.

जिना उतरताना चपलेला चिकटलेली गुलाबी सरकी
रस्त्यापर्यंत सोबत आली.